बारा पेशंट 'भरून टाक' म्हणे!

साखळीकर_मामा (सोमवार, रात्री 9:42)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. डोक्यात भुंगा शिरलाय, कोणाशी तरी बोलल्याशिवाय झोप लागायची नाही.

माझी एकतीस वर्षं लॅबमध्ये गेली. रक्त, लघवी, थुंकी, रजिस्टर. आता निवृत्त, घरची नारळाची झाडं मोजतो. भाची सर्जरीत एमएस करतेय. कॉलेज कुठलं, कुठल्या राज्यातलं हे कृपया विचारू नका, सांगणार नाही. थिसिसचा विषय मधुमेहींच्या पायाच्या जखमा. साठ पेशंट घ्यायचे ठरले होते, अठ्ठेचाळीस मिळाले, सबमिशन तोंडावर आलं. गाईड सरांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, बारांचं काय घेऊन बसलीस? भरून टाक." वर नमुना म्हणून एका जुन्या सीनियरची एक्सेल फाइल दिली. ही बघ, अशी भरायची.

शनिवारी ती घरी आली तेव्हा सोप्यावर बसून आम्ही ती फाइल उघडली. मला त्यातलं सर्जरीचं काही कळत नाही, पण आकडे कळतात. पहिली चाळीसेक माणसं ठीक. रक्तदाब 126, 138, 144, 130. त्यानंतर एकदम 127, 133, 141, 129. मी म्हटलं, बाय, यंत्र कुठलं वापरलं ते बघ. पद्धतीच्या प्रकरणात स्वच्छ लिहिलंय, पाऱ्याचं. अहो, पाऱ्याच्या नळीवर दोन-दोनच्या रेघा असतात! माणूस 126 लिहील, 128 लिहील, 127 त्याला दिसणार कुठून? विषम आकडा दिसला की समजावं, तो नळीतून आलेला नाही, डोक्यातून आलाय.

मग तारखा बघितल्या. उपाशीपोटीच्या साखरेचे तीन नमुने ज्या तारखेला घेतलेत, ती तारीख चक्क गणेश चवथीची. ओपीडी बंद, अर्धा स्टाफ गावी, आणि तीन मधुमेही सकाळी रांगेत उभे राहून रक्त देतायत!

भाची हसली नाही. म्हणाली, "मामा, मी पण असंच करू का?" मला पटकन उत्तर सुचलं नाही, याचीच लाज वाटतेय. आमच्या रजिस्टरला शिवण असायची, पानांना नंबर असायचे. चूक झाली तर खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी सही करायची. एवढंच मला येतं. जाणकारांनी सांगावं, मोठमोठ्या विद्यापीठांतही असं चालतं का? आणि पोरीला काय सांगू?

म्हापशेचो_पाव (सोमवार, रात्री 9:58)

चवथीला लोक उपाशीपोटी असतात हे मात्र शंभर टक्के खरं आहे मामा. नैवेद्य होईपर्यंत आमच्याकडे चहासुद्धा मिळत नाही. 😀

राधा_फोंडा (सोमवार, रात्री 11:15)

मामा, तुमच्या विषम आकड्यांना दंडवत. मी संख्याशास्त्र शिकवते, हे उदाहरण उद्या वर्गात वापरणार.

मोठ्या विद्यापीठात चालतं का म्हणता? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाची गोष्ट सांगते, कारण तीही एक्सेलच्या रांगांचीच आहे. अनिल पोट्टी नावाचे डॉक्टर, आपल्या वेल्लोरला शिकलेले. 2006 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या वरिष्ठांनी दावा केला की गाठीतली जनुकं बघून कुठल्या पेशंटला कुठली केमोथेरपी लागू पडेल हे आधीच सांगता येतं. केवढी मोठी गोष्ट! खरी असती तर कर्करोगाच्या उपचाराचा चेहरामोहरा बदलला असता.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांना हे तंत्र वापरायचं होतं. त्यांनी आपल्याकडच्या दोन संख्याशास्त्रज्ञांना, कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्ज यांना, म्हटलं की जरा तपासून द्या. हे दोघे बसले आकडेमोडीला, आणि उत्तर काही केल्या जुळेना. शेवटी लक्षात आलं की जनुकांच्या यादीत सगळी नावं एक ओळ खाली सरकलीयत! म्हणजे वर्गाच्या हजेरीत पहिलं नाव गाळून पुढच्या प्रत्येकाला आदल्याचे मार्क द्यावेत तसं. काही ठिकाणी तर 'औषध लागू पडतं' आणि 'पडत नाही' यांचीच अदलाबदल. या यादीवर भरवसा ठेवून प्रत्यक्ष पेशंटवर चाचण्या सुरू झाल्या होत्या, शंभराहून जास्त माणसं त्यात होती. दोघांनी पत्रं लिहिली, लेख छापला. ड्यूकने थोडे दिवस चाचण्या थांबवल्या, चौकशी केली आणि 2010 च्या सुरुवातीला पुन्हा चालू केल्या.

आणि हे सगळं बुडालं कशामुळे? आकड्यांमुळे नाही हो! जुलै 2010 मध्ये एका कर्करोगविषयक वार्तापत्राने छापलं की या डॉक्टरांनी अर्जात लिहिलेली ऱ्होड्स शिष्यवृत्ती (ऑक्सफर्डला शिकायला मिळणारी, फार मानाची) त्यांना कधी मिळालीच नव्हती. चार वर्षं गणित सांगून कोणी हललं नाही, बायोडेटातली एक थाप निघाली आणि सगळे खडबडून जागे झाले. माझ्या विषयाचा याहून मोठा अपमान मी पाहिलेला नाही.

आता तुमच्या भाचीसाठीचा भाग. त्याच प्रयोगशाळेत ब्रॅड पेरेझ नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी होता. त्याने 2008 मध्येच लेखी कळवलं होतं की इथे पद्धतीत घोळ आहे. त्याला समजावून गप्प बसवलं गेलं. पोराने काय करावं? त्या कामांवरून आपलं नाव काढून घेतलं आणि दुसरीकडे जाऊन संशोधनाचं वर्ष पुन्हा केलं. ही गोष्ट बाहेर यायला 2015 उजाडलं.

बांबोळी_रिटर्न (मंगळवार, सकाळी 7:05)

नाइट संपवून टाइप करतोय, चुकभूल द्यावी घ्यावी.

सगळे एकदम न्यायाधीश होऊ नका. निवासी डॉक्टर छत्तीस-छत्तीस तास उभा असतो. त्यात थिसिस सक्तीचा. ज्याला आयुष्यभर अपेंडिक्स काढायचंय त्यालाही संशोधक व्हावं लागतं. पुढे मास्तरकी करायची तर बढतीसाठी पेपर हवेत. मग काय होणार? सत्यनारायण घालतात तसे थिसिस घातले जातात. पोथी तीच, यजमान बदलतो. हे थिसिस कोणी वाचत नाही, त्यावरून कोणाचा उपचार ठरत नाही. बारा ओळींनी कोणी मरत नाही.

मामांची तळमळ कळते. पण मुलीचं वर्ष गेलं तर सांत्वन करायला इथलं कोणी जाणार आहे का?

पेडणेकर_स्टॉकहोम (मंगळवार, दुपारी 1:30)

डॉक्टर, बारा ओळींनी कोणी मरत नाही म्हणता, मग इथली गोष्ट ऐका. मी राहतो तिथून कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट फार लांब नाही. वैद्यकशास्त्राचं नोबेल कोणाला द्यायचं हे ठरवणारं विद्यापीठ ते हेच.

पाओलो मॅकियारिनी नावाचा इटालियन सर्जन इथे आणला गेला. 2011 च्या जूनमध्ये त्याने प्लॅस्टिकची श्वासनलिका बसवली. तिच्यावर पेशंटच्याच अस्थिमज्जेतल्या मूळपेशी पेरायच्या, म्हणजे ती शरीराची होऊन जाईल अशी कल्पना. पेशंट आइसलँडमध्ये शिकणारा इरिट्रियाचा तरुण, बायकापोरं असलेला. आधी प्राण्यांवर नीट प्रयोगसुद्धा झाले नव्हते. काही महिन्यांत लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख छापून आला की नळी छान काम करतेय. जगभर बातम्या. 2014 च्या जानेवारीत तो तरुण गेला. स्वीडनमध्ये अशा तिघांवर शस्त्रक्रिया झाल्या, तिघेही आज हयात नाहीत.

पकडलं कोणी? त्याच रुग्णालयातल्या चार डॉक्टरांनी. हे लोक त्या पेशंटना रोज बघत होते. छापलेला लेख एका हातात, केसपेपर दुसऱ्या हातात. लेखात 'प्रकृती उत्तम', केसपेपरात श्वास कोंडतोय, जंतुसंसर्ग, नळी सैल झालीय. मामा, हे तुमचं रजिस्टरच! त्यांनी शेकडो पानांची तक्रार दिली. त्याचं बक्षीस काय, तर पेशंटच्या फायली परवानगीशिवाय बघितल्या म्हणून तक्रार त्यांच्यावरच.

बाहेरचे तज्ज्ञ म्हणून बेंग्ट गेर्डिन या प्राध्यापकांना नेमलं. त्यांनी मे 2015 मध्ये सांगितलं, गैरवर्तन झालंय. ऑगस्टमध्ये कुलगुरूंनी सांगितलं, झालेलं नाही. संपलं प्रकरण, असं सगळ्यांना वाटलं. मग जानेवारी 2016 मध्ये स्वीडिश टीव्हीने माहितीपट दाखवला. लोकांनी पेशंटचे हाल डोळ्यांनी पाहिले तेव्हा कुलगुरूंनी पद सोडलं, नोबेल समितीच्या सचिवांनी पद सोडलं, मार्चमध्ये मॅकियारिनीला काढलं. 2018 मध्ये लॅन्सेटने तो लेख मागे घेतला. 2023 मध्ये वरच्या कोर्टाने त्याला अडीच वर्षांची कैद सुनावली. पहिल्या शस्त्रक्रियेपासून बारा वर्षं.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. 2018 च्या अंतिम निकालात विद्यापीठाने एकूण सात जणांना दोषी धरलं, आणि त्या सातांत तक्रार करणाऱ्या चौघांपैकी एक जण होता. सुरुवातीच्या लेखांवर त्याचंही नाव होतं म्हणून. नियमाने बरोबर असेल कदाचित. पण पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल?

म्हापशेचो_पाव (मंगळवार, दुपारी 1:52)

वाचून अंगावर काटा आला. मघाचा विनोद मागे घेतो.

बांबोळी_रिटर्न (मंगळवार, दुपारी 2:20)

ते प्रकरण माहीत आहे. ते राक्षसी होतं. मी एका दमलेल्या पोरीबद्दल बोलत होतो, दोन्ही एका तराजूत घालू नका.

राधा_फोंडा (मंगळवार, दुपारी 2:41)

तराजू वेगळा आहे, मान्य. पण डॉक्टर, गाईड सरांनी जी फाइल नमुना म्हणून दिली, ती भरणारा सीनियर आज कुठेतरी कन्सल्टंट असेल. पाच वर्षांनी तो स्वतः गाईड होईल.

नार्वेकर_दिचोली (मंगळवार, सायंकाळी 6:10)

इतका वेळ नुसतीच काळी बाजू चाललीय म्हणून लिहितो. ज्या कॅरोलिन्स्काची नाचक्की झाली, तिनेच 2023 मध्ये कातालिन कारिको बाईंना नोबेल दिलं. ही हंगेरीहून आलेली बाई पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएच्या, म्हणजे पेशीला कुठलं प्रथिन बनवायचं ते सांगणाऱ्या रेणूच्या, मागे लागलेली. पैसे मिळेनात, म्हणून 1995 मध्ये विद्यापीठाने तिला पदावरून खाली उतरवलं. ड्रू वाइसमन यांची ओळख झाली ती फोटोकॉपीच्या यंत्रापाशी. दोघांचा महत्त्वाचा लेख 2005 चा, तेव्हा फारसं कोणी ढुंकून पाहिलं नाही. कोविडच्या दोन लशी त्यावर उभ्या राहिल्या.

म्हणजे बघा, मॅकियारिनीला पायघड्या आणि कारिकोला पायउतार. मोठ्या संस्थांना माणूस ओळखता येतो असं समजू नये.

परक्यांच्या गोष्टी कशाला, महाड आपल्यापासून किती लांब? डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात होते. कोकणातला लाल विंचू चावला की माणूस घामाने डबडबायचा, हातपाय गार, फुप्फुसात पाणी, आणि खेळ खलास. दवाखान्यात आणलेल्या शंभरातले तीस-चाळीस दगावत. बावस्कर रात्र-रात्र खाटेपाशी बसून नाडी, रक्तदाब, लक्षणं लिहीत राहिले. 1982 मध्ये त्यांचं निरीक्षण लॅन्सेटमध्ये आलं. मग रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी स्वस्त गोळी द्यायला लागले, आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. त्यांच्या मागे ना विद्यापीठ, ना अनुदान. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या आजीच्या वेळी विंचवावर मांत्रिक बोलावत, म्हणून मला या माणसाचं अप्रूप जरा जास्तच.

कांदोळचो_आबे (मंगळवार, रात्री 8:33)

अवांतर आहे, पण गोव्याचा धागा आणि आबे फारिया नाही म्हणजे काय! आमच्या कांदोळीचा माणूस, पाद्री आणि संमोहन करणारा. त्या काळात पॅरिसमध्ये सगळे म्हणत, संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी द्रव वाहतो. हा म्हणाला, काही वाहत नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं. लोकांनी टर उडवली, हा 1819 मध्ये गरिबीत मेला. म्हणणं त्याचंच खरं निघालं. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ एका बाईला संमोहित करतानाचा त्याचा पुतळा आहे, आणि आपले लोक विचारतात की हा त्या पडलेल्या बाईचा गळा का दाबतोय!

साखळीकर_मामा (मंगळवार, रात्री 8:50)

आबे, गाडी रुळावर ठेवा. 😀 पण पुतळ्याचं खरं आहे, लहानपणी मलाही तसंच वाटायचं. चालत थोडं पुढे गेलं की मांडवीकाठी जुनं वैद्यकीय विद्यालय, 1842 मध्ये सुरू झालेलं. आता तिथे नोव्हेंबरात सिनेमावाल्यांची जत्रा.

वाळपईची_सुलू (मंगळवार, रात्री 10:04)

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. बाबांना विस्मृतीचा आजार. गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?" म्हणून हे सगळं फार बारकाईने वाचतेय.

2006 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून एक लेख आला होता ना, की अमुक एक प्रथिन उंदरांची आठवण बिघडवतं? हजारो लेखांनी तो आधार म्हणून वापरला. 2022 मध्ये कळलं की त्यातली, प्रथिन ओळखायच्या चाचणीतल्या पट्ट्यांची चित्रं एकमेकांवरून चिकटवल्यासारखी दिसतायत. मॅथ्यू श्रॅग नावाच्या डॉक्टरांनी ते शोधलं. 2024 मध्ये लेख मागे घेतला. ज्याच्यावर संशय होता तो सोडून बाकीच्या लेखकांनी मागे घ्यायला संमती दिली.

त्या अठरा वर्षांत दुसऱ्या कुठल्या वाटेने गेले असते तर काही मिळालं असतं का, हे कोणालाच सांगता येणार नाही. मिळालंही नसतं कदाचित. पण मला हिशेब मागावासा वाटतो आणि मागायचा कोणाकडे ते कळत नाही.

दुसरं, एक प्रश्न. बाबांना एका खासगी ठिकाणी औषधाच्या चाचणीत घ्यायचं म्हणून माझी सही मागितली. कागद अकरा पानी, सगळा इंग्रजीत. मी 'वाचून सांगते' म्हटलं तर तिथली मुलगी म्हणाली, फॉर्मॅलिटी आहे.

राधा_फोंडा (मंगळवार, रात्री 10:30)

सुलू, सही करू नकोस. म्हणजे अजून तरी. संमतीचा कागद तुला समजेल त्या भाषेत मिळाला पाहिजे. मराठीत माग, कोंकणीत माग. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुझ्याकडे राहते. आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक विचार. भारतात 15 जून 2009 पासून औषधाच्या चाचणीची सरकारी संकेतस्थळावर नोंद सक्तीची आहे, तिथे क्रमांक टाकलास की कोण करतंय, कशासाठी करतंय, नीतिसमिती कुठली, सगळं दिसतं. काही बरंवाईट झालं तर उपचार आणि भरपाई कोणाकडून हेही त्या अकरा पानांत लिहिलेलं असतं. नसेल तर सरळ उठून ये.

बांबोळी_रिटर्न (मंगळवार, रात्री 10:47)

राधाताईंशी पूर्ण सहमत. 'फॉर्मॅलिटी आहे' म्हणणारं माणूस संमती घ्यायच्या लायकीचं नाही. सुलूताई, कागदाचे फोटो पाठवा, मी वाचून मराठीत सांगतो. बाबांचं नाव झाकून पाठवा.

नार्वेकर_दिचोली (बुधवार, सकाळी 9:15)

रात्री एक गोष्ट आठवली, ती मामांच्या रजिस्टरासाठी. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय. 3 ऑक्टोबर 1978 ला त्यांच्या प्रयत्नातून भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, दुर्गा. जगातल्या पहिल्यानंतर सव्वादोन महिन्यांत. सरकारने समिती नेमली, समितीने खोटं ठरवलं. परदेशात जाऊन काम मांडायची परवानगी दिली नाही, बदली केली ती डोळ्यांच्या संस्थेत. 1981 च्या जूनमध्ये त्यांनी जीव दिला. पहिलं बाळ म्हणून मान मिळाला तो 1986 मध्ये मुंबईत जन्मलेल्या हर्षाला. पुढे त्या हर्षामागचेच शास्त्रज्ञ डॉ. आनंदकुमार यांच्या हाती मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी आल्या. त्यांनी त्या वाचल्या आणि 1997 मध्ये जाहीर सांगून टाकलं, पहिला मी नव्हे, तो. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला!

माणूस गेला, समिती गेली, वह्या उरल्या होत्या म्हणून हे झालं.

साखळीकर_मामा (रविवार, सायंकाळी 5:20)

मंडळी, उशीर झाला, भाचीचा फोन आजच आला.

राधाताईंनी खासगी निरोप पाठवून सांगितलं होतं तसं तिने केलं. अठ्ठेचाळीसवरच गणित पुन्हा मांडलं. 'मर्यादा' या भागात सरळ लिहिलं की साठ ठरले होते, पावसाळ्यात लांबचे पेशंट आलेच नाहीत, म्हणून इतके. त्यामुळे तिच्या दोन निष्कर्षांपैकी एक आता ठामपणे म्हणता येत नाही, तेही लिहिलं. गाईड सर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "परीक्षकाने विचारलं तर तूच उत्तर दे." थिसिस टेबलावर ठेवून घेतलाय, सही अजून केलेली नाही. ती जुनी फाइल तिने परत केली, त्यावर मात्र तोंड उघडलं नाही. मी विचारलं, का? म्हणाली, "मामा, आधी पास होऊ दे." मला राग आला नाही. पेडणेकरांच्या चौघांचं काय झालं ते तिनेही वाचलंय.

शेवटी विचारत होती की शिवणीचं रजिस्टर कुठे मिळेल, हॉस्टेलजवळ सगळी स्पायरलची मिळतात. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाईन तेव्हा दोन घेऊन ठेवतो. पानांवर नंबर मीच घालीन, माझं अक्षर बरं आहे.

वाळपईची_सुलू (रविवार, सायंकाळी 6:02)

देव बरें करूं मामा. आणि डॉक्टर, तुमचंही. कागद मराठीत मागितला, 'बघतो' म्हणालेत. नोंदणी क्रमांक विचारला तर मुलगी आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी बाबांना घेऊन घरी आले.

बांबोळी_रिटर्न (रविवार, रात्री 11:38)

मामा, सही झाली की कळवा. मुलीला सांगा, परीक्षक नमुना कमी का म्हणून नक्की विचारतील, घाबरू नकोस, आहे तेच सांग.

माझ्या थिसिसबद्दल मात्र कोणी विचारू नये. पाऱ्याचंच यंत्र होतं. काल माळ्यावरून काढून बघितला.